माउलींची पत्रिका मांडताना

२०२५ साली माउलींच्या जन्माला ७५० वर्षं झाली असं धरून गावोगाव सप्ताह बसले. अशाच एका सप्ताहात गोकुळाष्टमीचं कीर्तन ज्यांच्याकडे होतं ते महाराज आठ-दहा दिवस आधी माझ्याकडे आले. हातात घडी घातलेला कागद. ज्ञानेश्वर महाराजांची पत्रिका कुणीतरी मोबाईलवरून काढून दिली होती.

"गुरुजी, कीर्तनात सांगायची आहे. बरोबर आहे ना, एवढंच बघा."

कागद उघडल्यावर पहिली नजर चंद्राकडे गेली. चंद्र मेषेत, तिथी सप्तमी. माउलींचा जन्म श्रावण वद्य अष्टमीचा, मध्यरात्रीचा. वारकऱ्याच्या घरातलं पोरसुद्धा हे सांगेल. मग सप्तमी आली कुठून? तिथपासून हे प्रकरण सुरू झालं, आणि पुढचे चार दिवस मी दुसरं काही केलं नाही. संताची पत्रिका मांडताना कुठे कुठे पाय घसरतो आणि शेवटी हातात किती उरतं, ते या एका पत्रिकेतून नीट दिसतं, म्हणून सगळं लिहून ठेवतो.

आधी सप्तमीचा उलगडा. शके ११९७, युवा संवत्सर, श्रावण वद्य अष्टमी ही माउलींची रूढ जन्मतिथी. काही ठिकाणी वारही सांगतात, गुरुवार. इंग्रजी तारखेत ती १५ ऑगस्ट १२७५ येते, पण जुन्या ज्युलियन कॅलेंडरप्रमाणे. आजचं ग्रेगोरियन कॅलेंडर मागे ताणलं तर तोच दिवस २२ ऑगस्ट होतो, कारण तेराव्या शतकात दोन कॅलेंडरांत सात दिवसांचं अंतर होतं. त्यामुळे एका पुस्तकात १५ आणि दुसऱ्यात २२ दिसली तरी दोघांपैकी कुणी चुकलंय असं नाही. चूक होते ती तारीख यंत्रात भरताना. बहुतेक सॉफ्टवेअर १५८२ च्या आधीची तारीख ज्युलियन समजतात. तिथे २२ भरली की चंद्र आठवडाभर पुढे जातो आणि अष्टमीच्या जागी अमावास्या येऊन बसते.

महाराजांच्या कागदावर तारीख बरोबर होती, १५ ऑगस्ट. वेळ होती रात्री ००:००. घोटाळा नेमका इथे होता. आपला वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत चालतो. गुरुवारची मध्यरात्र म्हणजे गुरुवारी सूर्य मावळल्यानंतरची मध्यरात्र, आणि घड्याळाच्या हिशेबात तेव्हा शुक्रवार, १६ ऑगस्ट लागलेला असतो. १५ तारखेचे शून्य तास भरले की यंत्र आदली रात्र धरतं. आदल्या रात्री चंद्र मेषेच्या शेवटी, कृत्तिकेत आणि तिथी सप्तमी. एका दिवसाच्या फरकाने माउलींच्या कुंडलीतला उच्चीचा, म्हणजे वृषभेत सगळ्यात बलवान मानलेला, चंद्र गेला, रोहिणी गेली, अष्टमीही गेली.

आणखी एक खोट होती. यंत्राने भारतीय प्रमाणवेळेचे बारा धरले होते. प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची, आणि पैठणजवळचं आपेगाव साधारण ७५.४ वर. म्हणजे आपेगावची खरी मध्यरात्र आजच्या घड्याळात बारा वाजून अठ्ठावीस मिनिटांच्या आसपास होते. तेराव्या शतकात कुणी मध्यरात्र म्हटलं असेल तर ती तिथल्या आकाशाचीच. अठ्ठावीस मिनिटांत लग्न, म्हणजे त्या क्षणी पूर्व क्षितिजावर उगवणारा राशीचा बिंदू, सहा-साडेसहा अंश सरकतं. जन्मस्थळ आपेगाव की आळंदी हा वाद जुना आहे आणि दोन्ही गावांच्या लोकांना तो जिव्हाळ्याचा आहे. पण स्थानिक मध्यरात्र धरली की पत्रिकेला त्याचा फारसा फरक पडत नाही. दोन ठिकाणच्या लग्नात अर्ध्या अंशाचंही अंतर येत नाही, तेही फक्त अक्षांशामुळे.

चुका काढून टाकल्या आणि गणित नव्याने मांडलं. चित्रापक्ष अयनांश, म्हणजे संपातबिंदूपासून आपल्या राशीचक्राच्या आरंभापर्यंतचं अंतर, त्या काळी सुमारे पावणेचौदा अंश. गुरुवारी संध्याकाळी साधारण पावणेआठला अष्टमी लागते, त्यानंतर तासाभराने रोहिणी लागते. मध्यरात्री चंद्र वृषभेच्या बाराव्या अंशात, रोहिणीच्या पहिल्या चरणात, तासाभरापूर्वी पूर्वेला उगवून वर आलेला. रवी सिंहेत मध्यावर. लग्न वृषभ. गुरुवार, अष्टमी, रोहिणी, मध्यरात्र, सगळं एका रात्रीत बसलं. खरं सांगतो, कागदावर ते जुळताना पाहून माझा हात थांबला. घरात आवाज नव्हता, आणि सातशे पन्नास वर्षांपूर्वीची ती रात्र क्षणभर खिडकीबाहेर असल्यासारखी वाटली.

पण असं वाटतं तेव्हाच सावध राहायला हवं.

वृषभ लग्न, लग्नात उच्चीचा चंद्र, चतुर्थात, म्हणजे लग्नापासून चौथ्या घरात, स्वगृहीचा (स्वतःच्या राशीतला) रवी, ही कुंडली आपण आधी पाहिलेली आहे. ती श्रीकृष्णाची. माउलींची पत्रिका कृष्णाच्या पत्रिकेशी जुळते म्हणून ते कृष्णाचा, विष्णूचा अवतार, असं प्रवचनात मी अनेकदा ऐकलंय. यात आश्चर्य काय आहे आणि काय नाही, हे नीट वेगळं करायला हवं. वद्य अष्टमीचा अर्धा चंद्र मध्यरात्रीच्या सुमाराला उगवतो. उगवणारा चंद्र म्हणजे लग्नाजवळचा चंद्र. श्रावणात रवी कर्केच्या अखेरीपासून सिंहेत असतो, त्यामुळे मध्यरात्रीचं लग्न बहुतेक वर्षी वृषभच येतं आणि चंद्रही बहुतेक वेळा वृषभेत पडतो. थोडक्यात, कुठल्याही साली गोकुळाष्टमीच्या मध्यरात्री जन्मलेल्या बाळाच्या पत्रिकेत लग्न, चंद्र आणि रवी जवळजवळ असेच असतात. यंदाच्या अष्टमीला तुमच्या गावच्या दवाखान्यात मध्यरात्री मूल झालं असेल तर त्याचंही तसंच.

म्हणजे हे तीन खांब माउलींची वेगळी अशी ओळख सांगत नाहीत. ते फक्त तिथी आणि प्रहर सांगतात, आणि तिथी तर आपण आधीच धरून चाललोय. बुध-शुक्र रवीला सोडून लांब जात नाहीत, त्यामुळे तेही सालाबद्दल काही बोलत नाहीत. साल ओळखायचं तर सावकाश चालणारे ग्रह बघायचे: गुरू, शनी, राहू. आणि माउलींच्या बाबतीत साल हाच मुळात वादाचा मुद्दा आहे.

एका परंपरेत चारी भावंडांची सालं ११९५, ११९७, ११९९ आणि १२०१ अशी दोन-दोन वर्षांच्या अंतराने येतात. दुसरी परंपरा जनाबाईंच्या नावावरच्या अभंगाची: निवृत्तीनाथ ११९०, ज्ञानदेव ११९३, सोपानदेव ११९६, मुक्ताबाई ११९९. पुढच्या टोकाला दोन तारखा बऱ्यापैकी घट्ट आहेत. ज्ञानेश्वरीच्या शेवटी 'शके बाराशतें बारोत्तरें, तैं टीका केली ज्ञानेश्वरें' अशी ओवी आहे, म्हणजे शके १२१२. आणि आळंदीची संजीवन समाधी शके १२१८, दुर्मुख संवत्सर, कार्तिक वद्य त्रयोदशी. जन्म ११९७ चा धरला तर टीका पंधराव्या वर्षी आणि समाधी एकवीस वर्षं, तीन महिने, पाच दिवसांच्या वयात. ११९३ चा धरला तर टीका एकोणिसाव्या वर्षी, समाधी पंचविसाव्या वर्षानंतर. पंधरा की एकोणीस, हा प्रश्न भाविकांना आणि अभ्यासकांना वेगवेगळ्या कारणांनी बोचतो.

तेव्हा ११९३ चीही पत्रिका मांडली. प्रजापती संवत्सर, श्रावण वद्य अष्टमी. ज्युलियन तारीख ३० जुलै १२७१. मध्यरात्री अष्टमी आहे, पहाटे तीनच्या आसपास संपते. आणि वार? गुरुवारच.

इथे मला बराच वेळ बसून राहावं लागलं. गुरुवार हा ११९७ चा पुरावा म्हणून मी मनात धरून बसलो होतो. दोन्ही सालांच्या अष्टम्या गुरुवारी मध्यरात्रीला सापडतात, तेव्हा वाराचा पुरावा गळून पडला. लग्न दोन्हीकडे वृषभ, चंद्ररास दोन्हीकडे वृषभ, रवी दोन्हीकडे सिंहेत. ११९३ ला तो नुकताच सिंहेच्या उंबऱ्यावर आलाय इतकाच फरक. नक्षत्र मात्र वेगळं. ११९३ ला चंद्र वृषभेच्या पाचव्या अंशात, म्हणजे कृत्तिकेत. ११९७ ला रोहिणीत.

रोहिणीवरून निकाल देऊन टाकावा असं कुणालाही वाटेल. मला ते पटलं नाही. माउलींच्या जन्माला रोहिणी लावणारा माणूस ते नक्षत्र गणिताने लावत होता की कृष्णजन्माची अष्टमी-रोहिणी त्याच्या ओठांवर आधीपासूनच होती म्हणून, हे आपल्याला वेगळं करता येत नाही. रोहिणी ११९७ शी सुसंगत आहे, एवढंच म्हणता येतं.

आता सावकाश ग्रह. ११९७ ला गुरू मीनेत, स्वगृही, वक्री (उलटा चालताना दिसणारा), चोविसाव्या अंशाच्या आसपास. त्याच्या समोर शनी कन्येत, पंचमात. वृषभ लग्नाला शनी भाग्येश आणि कर्मेश, नवव्या आणि दहाव्या घरांचा स्वामी, म्हणजे राजयोगकारक. तो विद्येच्या स्थानी बसलाय आणि त्याच्यावर स्वगृहीच्या गुरूची पूर्ण दृष्टी आहे. गुरूची पाचवी दृष्टी तृतीय स्थानावर, जिथून आपण लेखन आणि धाकटी भावंडं बघतो. राहू मिथुनेत, म्हणजे कुटुंबस्थानी, आणि केतू अष्टमात. आई-वडिलांनी घेतलेलं देहान्त प्रायश्चित्त, वाळीत पडलेलं घर, पैठणच्या ब्रह्मवृंदाकडे शुद्धिपत्रासाठी केलेली पायपीट, हे ज्याला माहीत आहे त्याला कुटुंबस्थानातला राहू बोलताना ऐकू येतो.

११९३ ला गुरू तुळेच्या अगदी शेवटी, वृश्चिकेच्या सांध्यावर. तूळ धरली तर षष्ठात. शनी सिंहेत, रवीपासून नऊ अंशांवर, अस्तंगत, म्हणजे रवीच्या तेजात लोपलेला. राहू कन्येत, विद्यास्थानी.

दोन कुंडल्या शेजारी ठेवून कुठल्याही ज्योतिषाला विचारा, संताची कोणती? दहापैकी दहा जण ११९७ कडे बोट दाखवतील. मीही दाखवलं असतं. पण हा पुरावा नव्हे. आपण ज्ञानेश्वरी वाचलेली आहे, पसायदान आपल्याला तोंडपाठ आहे, आणि त्या उत्तराकडे तोंड करून आपण कुंडली वाचतोय. षष्ठातल्या गुरूवरही भाष्य करता येतं: समाजाशी झगडा, वादात विजय, सेवाभाव. वृषभ लग्नाला गुरू अष्टमेश आणि लाभेश, म्हणजे आठव्या आणि अकराव्या घरांचा स्वामी, त्यामुळे मीनेतला गुरूसुद्धा शास्त्राप्रमाणे निखळ शुभ नाही, हे आपण त्या उत्साहात सोयीने विसरतो. कुंडली सुंदर आहे म्हणून साल खरं, हा उलटा रस्ता आहे. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी सगळ्यात आधी हेच सांगतो, आणि इथे स्वतःला पुन्हा सांगावं लागलं.

उरला घटनांचा मार्ग. जन्मवेळ शोधताना आपण आयुष्यातल्या ठळक घटना घेतो आणि त्या कोणत्या दशेत, म्हणजे कोणत्या ग्रहाच्या अमलाच्या काळात, पडतात ते बघतो. इथे दोन घटना पक्क्या, टीका आणि समाधी. जन्मनक्षत्रावरून मोजायची विंशोत्तरी दशा काढली. ११९७ च्या पत्रिकेत जन्माला चंद्राची दशा, सुमारे साडेआठ वर्षं शिल्लक, मग मंगळ सात वर्षं, मग राहू. मंगळ संपून राहू लागतो वयाच्या साडेपंधराव्या वर्षी. ११९३ च्या पत्रिकेत जन्माला रवीची दशा, जेमतेम अडीच वर्षं शिल्लक. मग चंद्र दहा. मग मंगळ सात. राहू लागतो वयाच्या साडेएकोणिसाव्या वर्षाच्या आत-बाहेर.

आता वय सोडा आणि शक लावा. दोन्हीकडे उत्तर एकच येतं. शके १२१२ संपता संपता मंगळ जातो, राहू येतो. दोन जन्मसालं चार वर्षांनी लांब, आणि चंद्र सात अंशांनी सरकलेला. तेवढ्या सात अंशांनी दशेतली जवळजवळ चार वर्षं बरोबर भरून निघाली. टीका दोन्ही पत्रिकांत मंगळाच्या शेवटी, समाधी दोन्ही पत्रिकांत राहूत. घटनांनी साल ठरवायला निघालो, तर दोन्ही सालांनी शब्दाशब्दाला तीच साक्ष दिली. तीस वर्षं पत्रिका बघतोय, इतका नेमका योगायोग मी दुसऱ्या कुठल्या पत्रिकेत पाहिलेला नाही. कुणी फक्त ११९७ ची दशा मांडून "बघा, कशी जुळली" म्हणाला असता, तर त्याचं गणित निर्दोष असूनही निष्कर्ष पोकळ निघाला असता.

माझ्यापुरतं मी ११९७ धरलं. कारण पत्रिकेतलं नाही. आळंदीचा उत्सव, वारकरी फडांची परंपरा आणि ७५० वर्षांचा हिशेब त्याच सालावर उभा आहे, आणि महाराजांना पत्रिका कीर्तनासाठी हवी होती. पत्रिकेच्या माथ्यावर मी तसं लिहिलं: साल परंपरेने.

सगळ्यात मोठी परीक्षा यानंतर आली, आणि ती लग्नाची होती. स्थानिक मध्यरात्रीला ११९७ चं लग्न वृषभेच्या २७-२८ अंशांवर येतं. रास संपायला दोन-अडीच अंश उरलेत. वेळेत सांगायचं तर दहा मिनिटं. शकातून ४४४ वजा करून वर्षाला एक कला धरायचे जुने ग्रहलाघवी अयनांश घेतले तर ती मुदत पाच मिनिटांवर येते. त्या काळी घटिकापात्र असलेल्या घरातसुद्धा मध्यरात्र पाच मिनिटांच्या नेमकेपणाने कुणी टिपून ठेवली असेल असं मला वाटत नाही. विठ्ठलपंतांच्या घरची परिस्थिती तर आपल्याला ठाऊकच आहे.

दहा मिनिटं पुढे गेलं की लग्न मिथुन होतं. आणि मिथुन लग्नाला मीनेतला गुरू दशमात येतो: केंद्रात, स्वगृही. हा हंसयोग. पंचमहापुरुष योगांतला जो योग ज्ञानी, सात्त्विक, पूज्य पुरुषाचा म्हणून सांगतात, तोच. उच्चीचा चंद्र व्ययात, बाराव्या घरात, मोक्षस्थानी. राहू लग्नात. माझ्या वहीत त्या पानावर मिथुन लग्नाची कुंडली पेन्सिलीने काढलेली आहे. ती काढताना मनात काय चाललं होतं ते मला आठवतं: दहा मिनिटंच तर आहेत, मध्यरात्र म्हणजे काय घड्याळाचा ठोका थोडाच, बारा दहाही मध्यरात्रच, आणि माउलींच्या पत्रिकेत हंसयोग नसावा हे शोभतं का? एकेक वाक्य रास्त वाटत होतं. पण चारी वाक्यं मिळून मी माउलींच्या जन्माची वेळ माझ्या श्रद्धेने ठरवत होतो. त्याच श्रद्धेने मी ती वेळ सोडून दिली. माउलींचं मोठेपण माझ्या दहा मिनिटांच्या आधारावर उभं नाही.

म्हणून लग्नकुंडली वृषभेचीच ठेवली. नवमांश, म्हणजे राशीच्या नवव्या भागावरून मांडायची कुंडली, काढलाच नाही. लग्नाचा नवमांश तेरा-चौदा मिनिटांत बदलतो, तेव्हा तो देणं म्हणजे फसवणूकच. लग्नाच्या अंशावरून घरं पाडायचं भावचलितही दिलं नाही. राशीतले ग्रह मात्र शाईने लिहिले. चंद्र रोहिणीत, रवी सिंहेत, गुरू मीनेत वक्री, शनी कन्येत, राहू मिथुनेत. साल मानलं की हे मिनिटांवर अवलंबून नाहीत. त्या मध्यरात्रीच्या दोन तास अलीकडे किंवा पलीकडे हे असेच राहतात.

अष्टमीच्या दुपारी महाराज कागद न्यायला आले. मी सगळं समजावून सांगितलं: कॅलेंडर, वार, दोन सालं, दोन्हीकडची सारखी दशा, शेवटची दहा मिनिटं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग लग्नाच्या घरावर बोट ठेवलं. तिथे वृषभेचा दोनचा आकडा मी पेन्सिलीने लिहिला होता.

"माउली, बाकी सगळं शाईने आणि हे एकच पेन्सिलीने?"

"मला जेवढं पक्कं कळलं तेवढं शाईने," मी म्हणालो.

त्यांनी पुन्हा एकदा कागदाकडे पाहिलं. "मग मी लग्न सांगत नाही. अष्टमी सांगतो, रोहिणी सांगतो, आणि मीनेतला गुरू सांगतो. चालेल?"

चालेल म्हटलं. त्या रात्री पाळणा झाला, सुंठवडा वाटला, आणि महाराजांनी तीनच गोष्टी सांगितल्या. रोहिणी सांगताना मात्र आधी म्हणाले, "परंपरेने धरलेलं साल घेतलं तर." मांडवातून बाहेर आलो तेव्हा अर्धा चंद्र नुकताच झाडांच्या वर आला होता.